मॉडिफाय गाडी घाटात उकळते? रेडिएटर बदलण्याआधी ह्या क्रमानं बघा

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाताना तापमानाचा काटा जागचा हलत नाही. येताना मात्र पायथ्याचं केरी सोडून चार वळणं चढली की काटा वर सरकायला लागतो, आणि कणकुंबी यायच्या आत बॉनेटमधून वाफ. गाडीवाला शपथेवर सांगतो, ‘जाताना बरी होती की, गोव्यात कायतरी झालं.’ गोव्यात काही झालेलं नसतं. जाताना घाट उतार आहे, येताना चढ आहे. त्यातून एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे चढताना तो पाठीमागून येतो आणि वीस-पंचवीसच्या वेगाला समोरून जाळीत हवा जवळपास शिरतच नाही. दोष गाडीत आधीपासूनच असतो, घाट तो फक्त उघडा पाडतो.

इथपर्यंत ठीक. चूक होते ती पुढे. गाडी तापली की पहिल्यांदा थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला जातो, मग मोठा रेडिएटर बसतो, मग दुसरा फॅन, आणि तेवढं करूनही तापली की ‘हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलू या’. हा क्रम नेमका उलटा आहे. मी स्वतः एका उन्हाळ्यात जीपला मोठा रेडिएटर घालून घेतला आणि जीप पूर्वीसारखीच तापली. दोन आठवड्यांनी कळलं, की वायरिंगवाल्यानं फॅनच्या वायरी उलट जोडल्या होत्या. फॅन इंजिनाकडची गरम हवा पुढे ढकलत होता.

खालचे टप्पे मोठे टायर, बंपर गार्ड, एलईडी बार, बाहेरून बसवलेला एसी, दुसऱ्या गाडीचं इंजिन, रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग) किंवा सीएनजी किट, ह्यातलं काहीही केलेल्या गाडीसाठी आहेत. मी सांगितल्याशिवाय टप्पा गाळू नका आणि एका वेळी दोन गोष्टी बदलू नका. दोन्ही बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

## आधी जमवायचं सामान

कपाळावर धरून ताप बघायचा थर्मामीटर इथं चालणार नाही. २०० अंशांपर्यंत मोजणारी इन्फ्रारेड गन लागेल. नव्या गाडीला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) लावून मोबाईलवर कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याचं, तापमान आकड्यात बघता येतं. जुन्या जीपला तो पर्याय नाही, तिथं आकडे दाखवणारं वेगळं मीटर बसवून घ्या. शिवाय काळी चिकटपट्टी, टॉर्च, जाड हातमोजे, दहा-बारा लिटर डिस्टिल्ड वॉटर, वही आणि पेन. झाकण आणि रेडिएटर तपासायचा प्रेशर टेस्टर विकत घ्यायची गरज नाही, बऱ्या रेडिएटरवाल्याकडे असतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर थोपवलेला असतो. ८० अंश असो की १००, काटा तिथंच, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिन बदललेल्या गाडीत तर मीटर एका गाडीचं आणि सेन्सर दुसऱ्या गाडीचा, त्यामुळे तो काटा दाखवतो ते निव्वळ शोभेचं.

सावधान: गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वर ओलं फडकं धरूनही नाही, ‘हळूच एक आटा’ म्हणूनही नाही. वरचा होज हातानं दाबून बघा. तो मऊ लागला आणि हात टेकवता आला, तरच झाकणाला हात लावा.

## टप्पा १ : केव्हा तापते ते लिहा

दोन दिवस काहीही खोलायचं नाही, नुसतं लिहायचं. वेळ, रस्ता, वेग, गिअर, एसी चालू की बंद, तापमान किती. बहुतेकांना हा टप्पा वेळेचा अपव्यय वाटतो, पण निम्मं निदान इथंच होतं.

खडेबाजारात किंवा रेल्वे गेटवर उभी असताना तापते आणि हायवेला लागली की उतरते, तर दोष हवेचा. फॅन, फॅनचं आवरण, वायरिंग तिथंच शोधा.

शहरात ठीक, पण हायवेवर ८०-९० च्या वेगात किंवा तवंदी, वंटमुरीच्या चढाला तापते, तर पाणी नीट फिरत नाही, रेडिएटर आतून चोंदलाय, पुढून हवा अडलीय किंवा इंजिनच जादा उष्णता तयार करतंय.

सकाळी थंड गाडी चालू केली आणि पाच-सात मिनिटांतच तापली, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅस्केट (हेड आणि खालचं इंजिन ह्यांच्या मधलं सील) गेलीय.

फक्त एसी लावल्यावर तापत असेल तर बाहेरून बसवलेला कंडेन्सर आणि त्याचा फॅन ह्यांच्यावर पहिला संशय घ्या. फक्त सीएनजीवर तापते आणि पेट्रोलवर नाही, तर रेडिएटरला हात न लावता थेट टप्पा ६ वाचा.

## टप्पा २ : थंड गाडीवर पाणी, झाकण, गळती

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडा. पाणी तोंडापर्यंत हवं. शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत पाणी दिसतंय म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं धरू नका. झाकणाचा व्हॉल्व्ह बिघडला असेल तर बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो.

झाकण ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू. तिचं काम समजून घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. इथं उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन मात्र ९०-९५ ला चालतं, म्हणजे मधे जेमतेम अडीच ते साडेसात अंशच उरतात. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं तेव्हा तेच पाणी ११७ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर फाटलं किंवा स्प्रिंग सैल पडला, की हे वीस अंश गेले. मग रेडिएटर कितीही मोठा घाला.

झाकणावर आकडा असतो, ०.९, १.१ किंवा तत्सम. कंपनीनं दिलाय तोच घ्या. ‘जास्त बारचं घातलं की कमी तापतं’ हा समज चुकीचा. तापमान तेवढंच राहतं, फक्त उकळी लांबते, आणि जुने होज व रेडिएटरचे जोड फुटायला लागतात. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला, तर झाकणाचा परतीचा व्हॉल्व्ह अडकलाय. झाकण बदला.

आता हेड गॅस्केट. ही तपासणी इथंच उरकायची, कारण ती गेली असेल तर पुढचे सगळे टप्पे फुकट. खुणा अशा:

- थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा घट्ट होणं
- झाकण उघडं ठेवून चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे न थांबता येत राहणं
- ऑईलच्या दांडीवर किंवा टॅपेट कव्हरच्या झाकणाखाली दुधाळ चिखल
- बाहेर कुठंच गळती नाही, तरी दर आठवड्याला पाणी कमी

खात्री करायची असेल तर निळ्या द्रवाची गॅस टेस्ट मागा. इंजिनातला धूर पाण्यात मिसळत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो, डिझेलमध्ये हिरवटाकडे जातो. नुसत्या अंदाजावर हेड उतरवू देऊ नका.

तपासा: पाणी पूर्ण, झाकण चांगलं, गळती नाही, गॅस्केट शाबूत. ह्या चारांपैकी एकही ‘बहुतेक’ असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : हवेची वाट मोकळी करा

मॉडिफाय गाडीचा खरा रोग बहुधा इथंच निघतो, म्हणून ह्या टप्प्याला अख्खी सकाळ द्या.

पुढून काय काय अडलंय? गाडीसमोर उकिडवे बसा आणि टॉर्च मारून बघा, जाळीतून रेडिएटर किती दिसतो. बंपर गार्ड, त्याच्या मधोमध आडवा एलईडी बार, मागे दोन मोठे हॉर्न, विंचची पेटी, आणि पुढे नंबरप्लेट. एकेक वस्तू छोटी वाटते, सगळ्या मिळून निम्मी जाळी झाकतात. बार वर छताकडे किंवा खाली बंपरच्या ओळीत न्या, हॉर्न बाजूला सरकवा. गार्डबद्दल तर वादच नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं बंपर गार्डना मनाई केलीय. कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात जा की इकडे राहा, नियम दोन्हीकडे एकच. काढलात तर हवाही मिळेल आणि दंडही वाचेल. कायद्याचा विषय निघालाच आहे तर एवढंच, की इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते.

जाळी धुणं. ऊसतोडणीचा हंगाम संपता संपता आपल्या भागातल्या प्रत्येक रेडिएटरची दशा एकच असते. चिकोडी, संकेश्वर, गोकाकच्या रस्त्यांवर महिनोन्‌महिने डबल ट्रॉलीच्या मागे चालवलेली गाडी, पाचटाचे तुकडे, धूळ, किडे. पुढून जाळी स्वच्छ दिसते. घाण साचते ती एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या मधल्या बोटभर फटीत. कंडेन्सरचे वरचे बोल्ट सैल करून तो जरासा पुढे घ्या आणि टॉर्च मारा. एका ओळखीच्याच्या गाडीत तिथून आम्ही मूठभर पाचट काढलंय.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं बाहेर जाते. बागेच्या पाईपचा दाब पुरे. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की पातळ पत्र्या आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद होते. रेडिएटर थंड असतानाच धुवा.

फॅन कुठल्या दिशेला फिरतो? एक टिश्यू पेपर पुढून जाळीसमोर धरा. गाडी स्लोवर, फॅन चालू. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. उडून तुमच्याकडे आला तर फॅन उलटा फिरतोय, वायरी अदलाबदल करा. पाती मागेपुढे उलटी बसवली असतील तरीही हवा कमी पडते, म्हणून पात्यांचा वाक मूळ फॅनशी ताडून बघा.

वायरिंग. बाहेरून बसवलेला १२ व्होल्टचा मोठा फॅन १५ ते २५ अँपिअर ओढतो. हेडलाईटच्या वायरीतून घेतलेली जोडणी आणि डॅशबोर्डवरचं साधं बटण हे त्याला पेलत नाही. फॅन फिरताना दिसतो, पण रडत फिरतो. बॅटरीवरून थेट फ्यूज, रिले आणि किमान ४ चौरस मिलिमीटरची वायर हवी, आणि अर्थची वायर रंगावर न देता घासून उघड्या केलेल्या लोखंडावर. मोजायचं असं: इंजिन चालू, फॅन चालू, बॅटरीवर व्होल्ट बघा, मग फॅनच्या कनेक्टरवर बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर फॅनचा दोष नाही, वायरिंगचा आहे. बटणावर चालणारा फॅन मला पटत नाही. माणूस विसरतो, तापमानाचा स्विच विसरत नाही.

जुन्या डिझेलचा व्हिस्कस फॅन, म्हणजे आतल्या घट्ट तेलाच्या क्लचवर फिरणारा. गाडी गरम करून बंद करा, किल्ली काढून घ्या आणि पात्याला बोटानं झटका द्या. ते घट्टपणे थोडंसं फिरून थांबलं पाहिजे. भिंगरीसारखं फिरत राहिलं तर आतलं तेल गेलंय.

आवरण आणि फटी. नवा फॅन बसत नाही म्हणून मूळ आवरण काढून टाकतात. मग फॅन स्वतःच्या गोलापुरती हवा ओढतो, जाळीचे कोपरे कोरडे राहतात आणि तीच गरम हवा कडेनं वळसा घेऊन परत पुढे येते. पत्र्याचं का होईना, आवरण करून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत असं काम करणारे कमी नाहीत. रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी फोमच्या पट्टीनं बुजवा. हवा आळशी असते, जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जाते. गाडी उंच करताना काढलेला खालचा प्लॅस्टिक पत्राही परत लावा. तो नुसता चिखलासाठी नसतो, इंजिनाखालून हवा ओढली जावी म्हणूनही असतो.

बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वॉशर टाकून मागची कड उचलायची फॅशन आहे. गाडी उभी असताना त्यातून गरम हवा निघते हे खरं. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, ती हवा उलट आत शिरते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला अडवते. वॉशर काढा.

तपासा: आता पुन्हा एक दिवस गाडी चालवा आणि टप्पा १ च्या वहीत लिहा. पुष्कळ गाड्या इथंच बऱ्या होतात. झाली असेल तर टप्पा ७ वर जा.

## टप्पा ४ : पाण्याची वाट

थर्मोस्टॅट. मिस्त्री मराठी असो की कन्नड, सल्ला एकच. ‘तगद बिड्री’, काढून टाका. त्याला नम्रपणे ‘ब्याड री’ म्हणा. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी मागच्या चकतीनं बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनातच परत जायची, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच घिरट्या घालतो. सपाट रस्त्याला कळत नाही, घाटात कळतं. शिवाय थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि डिझेल जास्त खातं.

तपासणी घरच्या गॅसवर होते. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. दोन्ही पातेल्याच्या तळाला टेकू द्यायचे नाहीत. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळीला येईपर्यंत जवळपास पूर्ण उघडला पाहिजे. अडखळला तर नवा घ्या, त्याच आकड्याचा. बसवताना छोटी हवेची पिन वरच्या बाजूला. (पातेलं नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे ह्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलंय.)

होज. खालचा होज हा ओढणाऱ्या बाजूला असतो. तो मऊ पडला असेल किंवा त्यातला स्प्रिंग गंजून गेला असेल, तर इंजिनाला रेस दिली की तो चपटा होतो आणि पाणी अडतं. गाडी गरम असताना दुसऱ्याला रेस द्यायला सांगा आणि टॉर्चनं बघा. हात फॅनपासून लांब.

वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. खालच्या छोट्या भोकातून पाण्याचा ओघळ किंवा वाळलेला रंगीत डाग असेल तर सील गेलंय. बेल्ट सैल असेल तर चढाला तो घसरतो. इंजिन बदललं असेल तर पुलीचा आकारही बघा. पंपाची पुली मोठी म्हणजे पंप सावकाश.

रेडिएटर आतून. गाडी पूर्ण गरम झाल्यावर इन्फ्रारेड गननं वरच्या आणि खालच्या होजचं तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन खोटं बोलते, रबरावर मोजा किंवा काळी पट्टी चिकटवून तिच्यावर मोजा. दोन्ही होजमध्ये फरक फारच थोडा आणि गाडी तापलेली, तर पाणी फिरतंय पण गार होत नाही, म्हणजे परत टप्पा ३. फरक खूपच मोठा, तर पाणी सावकाश फिरतंय. मग रेडिएटरच्या अंगावर आडवी-उभी गन फिरवा. मधेच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत.

त्या बंद कशानं होतात? बोअरच्या पाण्यानं. अथणी, रायबाग भागात जड पाण्याच्या विहिरी-बोअर किती आहेत हे तिथल्या माणसाला सांगायला नको. बंबात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरमध्ये बसतो. तोंडाशी पांढरी खपली दिसली की समजा. जुन्या पितळी रेडिएटरची टाकी खोलून नळ्यांत सळी फिरवता येते, त्याला रॉडिंग म्हणतात. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला ते जमत नाही, आणि त्यात ॲसिड ओतायला कुणी सांगितलं तर गाडी घेऊन परत या. ॲसिड क्षाराबरोबर ॲल्युमिनियमही खातं.

साधी सफाई अशी: जुनं पाणी काढा, साधं पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, काढा. स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा. शेवटची खेप डिस्टिल्ड वॉटरची.

सावधान: जुनं कूलंट गटारीत किंवा गोठ्याच्या कडेला ओतू नका. चवीला गोडसर असतं, कुत्री-गुरं पितात आणि मरतात. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.

हळद, अंडं, गळती बंद करणारी पावडर, ह्यातलं काहीही रेडिएटरात नको. गळती थांबते, बारीक नळ्याही थांबतात.

## टप्पा ५ : भरणं आणि हवा काढणं

कूलंटच्या रंगावरून प्रकार ठरत नाही. हिरवं हिरव्यात मिसळतं असंही नाही. डब्यावरचा प्रकार गाडीच्या पुस्तकाशी जुळवा आणि आधीचं पूर्ण काढल्याशिवाय नवं घालू नका. ‘तयार मिश्रण’ असं लिहिलेल्या डब्यात पाणी घालायचं नसतं. घट्ट कूलंट असेल तर ३० ते ५० टक्के, पुस्तकात असेल तेवढं. नुसतं घट्ट कूलंट भरणं ही चूकच, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

१. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, किंवा पुढची चाकं उचला. रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर आलं पाहिजे.

२. हीटर पूर्ण गरमवर. हवा सोडायचा स्क्रू असेल तर सैल करा.

३. सावकाश ओता. मधूनमधून वरचा होज दाबा. स्क्रूतून बुडबुड्याशिवाय धार आली की तो बंद करा.

४. झाकण उघडं ठेवून थंड गाडी स्लोवर चालू करा. पातळी खाली जाईल, भरत राहा.

५. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी पुन्हा उतरते. भरा, झाकण लावा.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पुन्हा बघा. बहुतेक वेळा पाव-अर्धा लिटर मागते.

दुसरं इंजिन बसवलेल्या गाडीत एक वेगळाच घोळ असतो. इंजिनातून पाणी बाहेर पडायची जागा रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच असते. मग वरच्या पायऱ्या कितीही करा, हवा हेडमध्येच अडकून राहते. तिथं सर्वांत उंच जागी भरण्याची वेगळी टाकी आणि झाकण करून घेण्याशिवाय उपाय नाही.

## टप्पा ६ : इंजिनच जास्त तापतंय का?

हवा आणि पाणी दोन्ही ठीक असूनही चढाला तापत असेल, तर उष्णता तयारच जास्त होतेय.

रिमॅप केला असेल तर ट्यूनरकडून मूळ मॅप परत घालून घ्या आणि त्याच घाटातून एक फेरी मारा. बरी झाली तर उत्तर मिळालं. टर्बो डिझेल चढाला काळा धूर ओकत असेल तर डिझेल जादा सोडलेलं आहे. पेट्रोलमध्ये टायमिंग मागे गेलेलं असेल किंवा मिश्रण पातळ असेल तरी इंजिन तापतं, सीएनजी किटची सेटिंग बिघडली की हेच होतं. टर्बोची हवा गार करणारा मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवला असेल तर तो हवा गरम करूनच मागे देतो हेही हिशोबात घ्या.

मोठे टायर हे असं कारण, जे कुणी मोजतच नाही. २८ इंचाचे काढून ३१ इंचाचे घातले की प्रत्येक गिअर सुमारे ११ टक्क्यांनी लांब होतो. चालवणारा सवयीनं तिसऱ्यातच घाट चढतो, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या (आरपीएम) खाली दबून कुथत राहतं. वॉटर बॉडी आणि बेल्टवरचा फॅन इंजिनाबरोबरच फिरतात, म्हणजे उष्णता सर्वांत जास्त तेव्हाच पाणी आणि हवा सर्वांत कमी. एक गिअर खाली या. २५०० च्या आसपास, ॲक्सिलरेटर कमी दाबून चढा. पैसा लागत नाही, आणि आवाज वाढला तरी तापमान उतरतं. माझ्या जीपला ह्या एका सवयीनं पाच-सहा अंशांचा फरक पडला.

जाता जाता चारही चाकांचे ब्रेक अडकत नाहीत ना, तेही हात लावून बघा.

## टप्पा ७ : ट्रायल

ट्रायल पहाटे घेऊन समाधान मानू नका. दुपारी दोनला, एसी लावून.

पहिली, जागेवर, एवढीच एसी बंद ठेवून: वीस मिनिटं स्लोवर. फॅन लागला पाहिजे, तापमान उतरलं पाहिजे, फॅन बंद झाला पाहिजे. हे चक्र तीनदा.

दुसरी, हायवे: काकतीहून हत्तरगीपर्यंत ८० च्या वेगात जा आणि वंटमुरीचा चढ चढून परत या. तिसरी, चोर्ला किंवा आंबोली, खालून वर. आंबोलीलाही हिशोब तोच, बेळगावकडून जाताना घाट उतरायचा असतो, परीक्षा सावंतवाडीकडून येताना होते.

बहुतेक गाड्यांत चढाला १०० पर्यंत जाऊन माथ्यावर खाली येणं ठीक. १०५ च्या वर टिकून राहिलं तर एसी बंद करा आणि गिअर उतरवा. ११० ला गाडी बाजूला. तुमच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

सगळं करूनही तिसऱ्या ट्रायलला नापास झाली, तर आता मोठा रेडिएटर घ्या. घेताना जाडीपेक्षा पुढचं क्षेत्रफळ वाढतंय का बघा. फार जाड कोअरमधून कमी वेगाला फॅन हवा ओढूच शकत नाही.

## रस्त्यात तापली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरम, काचा खाली. वाफ नसेल आणि पाणी असेल तर सावलीत उभी करून स्लोवर फॅन चालू द्या, तापमान उतरायला लागेल. वाढतच राहिलं किंवा वाफ आली तर लगेच बंद. काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर आनंद मानू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडलाय, लगेच थांबा.

निदान पाऊण तास थांबायचं. गरम इंजिनावर किंवा रिकाम्या गरम रेडिएटरात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. होज हाताला सोसवेल इतका झाला की झाकण उघडा, गाडी चालू करून बारीक धारेनं पाणी घाला. चोर्ल्यात मोबाईलची रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पाच लिटर पाणी, जादा होज क्लिप, बेल्ट आणि झाकण डिकीत असू द्या.

गाडी एकदा जोरात उकळली असेल, तर घरी आल्यावर टप्पा २ ची गॅस टेस्ट पुन्हा करा, मधे बरी चालली तरी. हेड उतरवावं लागलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तुमच्यासमोर लावायला सांगा. ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. लेथवाल्याकडून फेसिंग (घासून सपाट) केल्यावर किती मिलिमीटर गेलं ते बिलावर लिहून घ्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फेसिंग झालेलं हेड बुटकं होतं, कॉम्प्रेशन वाढतं आणि गाडी पुन्हा तापायला लागते. अशा वेळी जेवढं गेलं त्या हिशोबानं जाड गॅस्केट मागा.